ओली धावपट्टी आणि पाठीमागचा वारा

७ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं बोइंग ७३७ भर पावसात कोझिकोडला उतरलं आणि धावपट्टी संपली तरी थांबलं नाही. पुढे खोल उतार. विमानाचे तीन तुकडे झाले. १९० पैकी २१ जण दगावले. त्यांत दोन्ही वैमानिक होते. मुख्य वैमानिक दीपक साठे पूर्वी हवाई दलात होते, चांगले अनुभवी. तरी हे घडलं कसं?

उतरताना वारा शक्यतो समोरून घेतात. पंखांना उचल मिळते ती हवेच्या तुलनेतल्या वेगामुळे. ब्रेकना मात्र जमिनीवरचा वेग मारायचा असतो. समजा, पंखांना ताशी २६० किलोमीटर हवेत. मागून ताशी २६ किलोमीटरचा वारा असेल, तर चाकं टेकताना जमिनीवरचा वेग २८६ होतो. वेग एक दशांशाने वाढला, पण थांबवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे एकवीस टक्क्यांनी.

त्या दिवशी पहिला प्रयत्न पश्चिमेकडे तोंड करून झाला. साठे यांच्या बाजूचा वायपर बंद पडला, धावपट्टी दिसेना, विमान पुन्हा वर गेलं. इथवर सगळं रीतसर. दुसऱ्यांदा ते उलट्या टोकाकडून आलं, आणि आता पावसाळी वारा पाठीशी होता, ताशी सुमारे २६ किलोमीटरचाच.

चाकं टेकायची जागा धावपट्टीच्या सुरुवातीला ठरलेली असते. विमान तिथे न टेकता तरंगत राहिलं, तर या वेगाला दर सेकंदाला जवळजवळ ऐंशी मीटर धावपट्टी खालून निघून जाते. कोझिकोडची धावपट्टी २,७०० मीटरची. विमान टेकलं ते सुमारे १,३५० मीटरवर. निम्मी धावपट्टी हवेतच खर्ची पडली होती.

टेकल्यावर पंखांवरचे स्पॉयलर उभे राहतात, उचल मोडते आणि विमानाचा भार चाकांवर येतो. भार आला की ब्रेक धरतात. पण धावपट्टी ओली असली की टायर आणि डांबर यांच्यामध्ये पाणी शिरतं, पकड ढिली होते. इंजिनांचा उलटा जोर मदतीला असतो, तो पाण्यावर अवलंबून नसतो. मात्र त्याचा खरा उपयोग वेग जास्त असतानाच होतो.

चाकं टेकण्याआधी सहवैमानिकाने ‘गो अराउंड’ म्हटलं होतं, म्हणजे उतरू नका, परत वर चला. चौकशी अहवालाने ठरलेली कार्यपद्धती न पाळणं हे संभाव्य कारण दिलं. व्यवस्थेतल्या त्रुटींचाही त्यात उल्लेख आहे. मला त्या हाकेची वेळ सर्वांत महत्त्वाची वाटते. चाकं टेकून इंजिनांचा उलटा जोर लावला, की नियमाप्रमाणे पुन्हा उड्डाण करता येत नाही. मग विमान थांबवावंच लागतं, समोर धावपट्टी कितीही उरलेली असो.