पवनी: तीन बाजूंना तट, चौथीला वैनगंगा

भूमध्य समुद्राकाठच्या एखाद्या जुन्या शहरात सुट्टीचा पहिला दिवस कसा घालवावा, याचा एक ठरलेला क्रम असतो. आधी तट पाहावा, मग दरवाजातून आत शिरावं आणि गल्ल्यांमधून उतरत पाण्यापर्यंत पोहोचावं. त्याच किनाऱ्यावर अलेक्झांडरनं इ.स.पू. ३३१ मध्ये अलेक्झांड्रिया वसवली, हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. त्याच्या आगेमागेच्या शतकांत आपल्या वैनगंगेकाठीही एक नगर आकाराला येत होतं. ते आजही नांदतं आहे. भंडारा जिल्ह्यातली पवनी हे ते नगर, आणि वरचा क्रम तिथे जसाच्या तसा लागू पडतो.

आम्ही दोघं नागपूरहून उमरेड, भिवापूर या वाटेनं गेलो. शेवटच्या टप्प्यात दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या लागतात आणि गाव जवळ आलं की मातीचा एक लांबलचक उंचवटा दिसू लागतो. त्यावर झाडं आहेत, झुडपं आहेत. नवख्याला ती टेकडीच वाटेल, पण तो माणसांनी रचलेला तट आहे. बाहेरच्या अंगाला खंदक, आत मातीचा उंच बांध आणि त्याच्या माथ्यावर जागोजाग दगडी तटबंदी, अशी ही रचना. जवाहर दरवाजातून आत जाताना मान वर करून पाहिलं की तटाच्या उंचीचा अंदाज येतो.

एवढी माती आणली कुठून? उत्तर तटाच्या पायथ्याशीच आहे. खंदक खणायचा आणि निघालेली माती आतल्या बाजूला टाकत जायची. आपल्याकडे बोडी खणताना तिच्याच मातीची पाळ होते, तसंच हे. खड्डा जितका खोल, तितका तट उंच. चढाई करणाऱ्याला मात्र दोन्हींची बेरीज चढावी लागते.

तटावरून पाहता पाहता नवऱ्यानं विचारलं, "तीन बाजूंना एवढा खटाटोप आणि नदीकडे काहीच नाही?" मला वाटतं, पवनीचं सगळं शहाणपण या प्रश्नात आहे. चौथ्या बाजूला वैनगंगा आहे. तिचा काठ उभा तुटलेला आणि घळींनी चिरलेला. पावसाळ्यात ती फुगली की कुठल्याही खंदकापेक्षा रुंद होते. शिवाय पाणी, मासळी आणि दळणवळण हे सगळं तिच्यातूनच येणार. संरक्षणासाठी नदीचा उपयोग करून घ्यायचा आणि गावाचं तोंडही तिच्याकडेच ठेवायचं, हे जागा निवडतानाच कुणाला तरी सुचलं होतं.

आत शिरलं की पावलोपावली देवळं लागतात. म्हणूनच पवनीला विदर्भाची काशी म्हणतात. विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक इथेच आहे: एकाच दगडावर पाच गणेशप्रतिमा असलेला पंचमुखी गणेश. कोष्ट्यांच्या हातमागावरच्या बारीक सुताच्या, रेशीमकाठी कापडासाठीही हे गाव नावाजलेलं होतं. गल्ल्या उतरत आपण वैजेश्वर घाटावर येतो आणि समोर नदीचं विस्तीर्ण पात्र उघडतं. शिवनी जिल्ह्यात उगम पावलेलं हे पाणी पुढे वर्धा नदीला मिळून प्राणहिता होतं, मग गोदावरीत जातं आणि तिच्याबरोबर बंगालच्या उपसागरात. घाटाच्या पायरीवर उभं राहिलं की समुद्राची वाट पायाशीच असते.

दुपारनंतरचा वेळ तटाबाहेरच्या टेकड्यांसाठी ठेवावा. बालसमुद्र तलावाजवळच्या जगन्नाथ टेकडीत काय दडलं होतं, ते १९६९-७० मध्ये उजेडात आलं. नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून इथे उत्खनन केलं. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी हे त्याचे प्रमुख. टेकडीच्या पोटात निघाला विटा-मातीचा बौद्ध स्तूप, सुमारे ३८ मीटर व्यासाचा. सांचीचा मोठा स्तूप साधारण साडेछत्तीस मीटरचा आहे, हे आठवलं की पवनीचं मोठेपण ध्यानात येतं.

स्तूपाभोवती दगडी कठडा होता आणि त्याच्या खांबांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावं कोरलेली होती. कुणी एक खांब दिला, कुणी दुसरा. अशा अनेकांच्या दानातून तो कठडा उभा राहिला. एका खांबावर पाच फण्यांचा मुचलिंद नाग आहे. बुद्धाला बोधी मिळाल्यानंतर आलेल्या वादळी पावसात याच नागराजानं त्याच्यावर फणा धरला, अशी कथा. शिल्पात मात्र बुद्ध दिसत नाही, दिसतं ते रिकामं आसन. त्या काळात बुद्धाला मानवी रूपात दाखवत नसत. आसन, झाड, पाऊलखुणा यांवरून भक्तांनी ओळखायचं. पवनीतच भार राजा भगदत्ताच्या लेखाची, पादुका कोरलेली शिळाही सापडली आहे.

याहून मोठा अचंबा रुपिअम्माच्या स्तंभाचा. पवनीत मिळालेल्या या स्मृतिस्तंभावर त्याला महाक्षत्रप कुमार म्हटलं आहे. क्षत्रप हे मध्य आशियातून आलेल्या शकांचे राज्यकर्ते, त्यांचा अंमल मुख्यतः गुजरात आणि माळव्याकडचा. त्या घराण्याशी नातं सांगणाऱ्या माणसाचा स्तंभ वैनगंगेकाठी उभारला जातो, म्हणजे या नगराचे धागे किती दूरवर गेले होते! आपण आडबाजूचा समजतो तो मुलूख तेव्हा येण्याजाण्याच्या वाटेवर होता.

आणि येणंजाणं थांबलेलंही नाही. पवनीजवळ रुयाड इथे जपानी बौद्धांच्या सहकार्यानं नवा महास्तूप उभा राहिला असून फेब्रुवारीतल्या धम्ममहोत्सवाला तिथे मोठी गर्दी लोटते. नदीच्या वरच्या अंगाला गोसीखुर्दचं ३३ दरवाजांचं धरण आहे. त्याची पायाभरणी १९८८ मध्ये राजीव गांधी यांच्या हस्ते झाली होती. नदी पाहून जागा हेरण्याचं काम इथे आजही चालूच आहे.

म्हणून पवनीला जाल तेव्हा तटापासून सुरुवात करा आणि नदीपर्यंत पायीच जा. गाडीतून पाहिलं तर खंदक म्हणजे नाला आणि स्तूप म्हणजे टेकाड. चालत गेलं की एकेका उंचवट्यामागचा हेतू समजू लागतो. दुसऱ्या दिवशी नागपूरच्या अजब बंगल्यात जा. १८६३ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात पवनीची शिल्पं आहेत, आणि आदल्या दिवशी ती माती तुडवलेली असल्यामुळे ती तुम्हाला ओळखीची वाटतील.