स्टिअरिंगचा ढिलेपणा : आधी दोष शोधा, मग पाना उचला

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्स कारखान्यातून १९६४ पासून निघालेली फियाट, म्हणजेच पुढची पद्मिनी, हिच्यावर मुंबईतल्या कितीतरी मिस्त्रींची घरे चालली. पद्मिनीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपताच ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. पण शौकिनांकडे या गाड्या अजून आहेत आणि दुरुस्तीला चांगले दामही मिळतात. कमी झाले आहेत ते हात जाणणारे कारागीर. म्हणून या गाडीच्या एका नेहमीच्या तक्रारीविषयी, ढिल्या स्टिअरिंगविषयी, चार कामाच्या गोष्टी.

घाईची चूक

स्टिअरिंग फिरते पण चाके लगेच वळत नाहीत, गाडी सरळ रस्त्यावर भरकटते, अशी तक्रार आली की पुष्कळजण थेट स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळतात. गिऱ्हाईक खूश होऊन जाते. पण बॉक्समधला वर्म झिजतो तो मधोमध, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. मधली झीज भरण्यासाठी स्क्रू जास्त आवळला तर न झिजलेल्या बाजूंना, म्हणजे ऐन वळणावर, स्टिअरिंग जड होते किंवा अडकते आणि वळण संपल्यावर आपोआप परत येत नाही. ढिले स्टिअरिंग त्रास देते, अडकलेले स्टिअरिंग जीव घेते.

तपासणीचा क्रम

आधी टायरची हवा पाहावी. हवा कमी असली तरी गाडी भरकटते.

मग गाडी जमिनीवर उभी ठेवून एकाने स्टिअरिंग थोडे डावे-उजवे हलवावे आणि दुसऱ्याने खाली पाहावे. चाल कुठे हरवते ते डोळ्यांना दिसते. स्टिअरिंगचा दांडा फिरतो, पण बॉक्सखालचा आर्म हलत नाही, तर दोष बॉक्समध्ये. संपूर्ण बॉक्सच हलतो, तर चासीवरचे बोल्ट ढिले. आर्म हलतो पण चाक हलत नाही, तर टाय रॉडचे बॉल जॉइंट किंवा पलीकडच्या आयडलर आर्मचा बुश गेला आहे. प्रत्येक जोडावर हात ठेवावा; झिजलेला जोड हाताला कळतो.

यानंतर पुढची बाजू जॅकने उचलून घोडीवर ठेवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. चाक वर-खाली धरून हलवावे. खडखड झाली तर सोबत्याला ब्रेक दाबायला सांगावे. खडखड थांबली तर चाकाचे बेअरिंग ढिले. तशीच राहिली तर किंगपिन व त्याचे बुश झिजले समजावे.

दुरुस्ती

जे झिजले तेच बदलावे. किंगपिनचा बुश बसवताना ग्रीसचे भोक जुळते ना, हे पाहावे. कित्येक किंगपिन वयाने नव्हे, ग्रीसवाचून मरतात. टाय रॉडचे नट काढले की स्प्लिट पिन नवीनच घालावी. काही रुपयांच्या पिनेवर माणसांचे प्राण असतात. टाय रॉडला हात लावला की अलाइनमेंट करून घ्यावे, नाहीतर नवे टायर बघता बघता एका बाजूने खाल्ले जातील.

बॉक्सची पाळी सर्वांत शेवटी. तेल आहे की गळले, हे आधी पाहावे. मग चाके अधांतरी व सरळ ठेवून चेकनट ढिला करावा, स्क्रू थोडा थोडा आवळावा आणि दर वेळी स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहावे. कुठेही जड लागले तर स्क्रू मागे घ्यावा. तरीही मध्ये ढिले राहत असेल तर बॉक्स उघडणे भाग आहे. एक लक्षात ठेवावे की या बॉक्समध्ये थोडी चाल असायचीच. ॲम्बॅसेडरला रॅक-पिनियन आहे, तिची घट्ट पकड इथे शोधू नये.

कारागीर बंधूंनी काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा आणि झीज दाखवावी. गाडीमालकांनीही स्क्रू आवळून पाच मिनिटांत मोकळे करणाऱ्यापेक्षा गाडीखाली तासभर पडून दोष शोधणाऱ्याला त्याच्या मेहनतीचे दाम खुशीने द्यावे. धंद्यात इभ्रत अशाच कामाने टिकते, आणि रस्त्यावर माणसेही.