केमोच्या दिवशी कोण काय करतं

पहाटे ४

गजर माझ्या उशाशी असतो, पण उठतात हे. अर्धा कप दूध, दोन बिस्किटं आणि स्टेरॉईडच्या बारीक पांढऱ्या गोळ्या. याच गोळ्या रात्री दहालाही घेतलेल्या असतात. आज दहाच्या सुमाराला पॅक्लिटॅक्सेल नावाचं औषध शिरेतून द्यायचंय. त्याची ॲलर्जी येऊ नये म्हणून बारा तास आधी आणि सहा तास आधी असा हा डोस असतो. तो उपाशीपोटी चालत नाही, म्हणून बिस्किटं. ह्यांची अंबडच्या कंपनीत सेकंड शिफ्ट असते, घरी येऊन झोपायला एक वाजतो. लेक म्हणाली होती, "बाबा, मी उठत जाईन." त्यांनी ऐकलं नाही. पहाटेच्या गोळ्या त्यांनी स्वतःकडे घेतल्या आहेत.

गोळ्यांनंतर झोप येत नाही. मी नाशिकच्या इंदिरानगरमध्ये ब्लाऊज शिवते, त्यामुळे टेप कायम गळ्यात. गेल्या लग्नसराईत सहज स्वतःचं माप घेतलं, तर कमर वाढलेली आणि दंड बारीक झालेला. बाई जाड झाली की दोन्ही मापं वाढतात. एक वाढतंय आणि एक उतरतंय, हे काही बरोबर नाही असं तेव्हाच वाटलं होतं. जेवायला बसलं की चार घासांत पोट भरायचं. ओटीपोट जड, लघवीला सारखं जावं लागायचं. पित्ताच्या गोळ्या झाल्या, गॅसच्या झाल्या, वयाचं आहे म्हणून सांगून झालं. नवरात्राच्या तोंडावर सोनोग्राफी झाली आणि त्यात दोन्ही अंडाशयांवर गाठी आणि पोटात पाणी दिसलं. सीए-१२५ ही रक्ताची तपासणी ३५ च्या आत असावी लागते. माझा आकडा त्याच्या कितीतरी पट निघाला. अंडाशयाचा कॅन्सर, तिसरी स्टेज. बहुतेक जणींना हा आजार याच टप्प्यावर कळतो, कारण सुरुवातीचे महिने तो अपचनासारखाच वागतो.

आधी केमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा केमो, असा क्रम डॉक्टर मॅडमनी कागदावर काढून दिला. ऑपरेशनमध्ये दोन्ही अंडाशय, नळ्या, गर्भपिशवी आणि पोटातला चरबीचा पडदा काढला. आज त्यानंतरची केमो आहे.

सकाळी ६

जॉगिंग ट्रॅकवर पूर्वी आमचा बायकांचा घोळका असायचा. आता मी गल्लीच्या टोकापर्यंत जाते. त्यांतली एकजण आपला फेरा सोडून माझ्याबरोबर त्या टोकापर्यंत येते. फेब्रुवारीतली थंडी डोक्याला फार लागते, कारण डोक्यावर केस नाहीत. मऊ सुती टोपी मी स्वतःच शिवली आहे.

सकाळी ७.३०

सिडकोतून धाकट्या जाऊबाई येतात. हातात बर्फाच्या पिशव्यांचा थर्मास. आल्या आल्या पहिलं काम माझ्या ब्लाऊजची हुकं लावण्याचं. पॅक्लिटॅक्सेलने बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. जिने जन्मभर दुसऱ्यांना हुकं लावून दिली, तिला स्वतःची लावता येत नाहीत, या गोष्टीवर मी पहिल्यांदा रडले होते. केस गेले तेव्हाही इतकी रडले नव्हते. जाऊबाई काही बोलल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन हुकं लावून गेल्या, एवढंच.

निफाडहून भावाने द्राक्षं पाठवली आहेत. ती आज लेक मिठाच्या पाण्यात बुडवून, वाहत्या पाण्याखाली धुऊन ठेवेल. आणखी आठवड्याभराने पांढऱ्या पेशी खाली जातात, तेव्हा कच्चं काही खायचं नाही. केळी, पपई अशी सालीची फळं तेवढी चालतात.

सकाळी ८.३०

रिक्षा इंदिरानगरच्या बोगद्यापाशी अडकते. शाळा, ऑफिसं, कंपन्या सगळ्यांची वेळ एकच. म्हणून रिक्षावाले दादा मला अर्धा तास आधीच न्यायला येतात. गोविंदनगरमार्गे मुंबई नाक्याकडे निघालं की जाऊबाईंना त्यांच्या आईची हटकून आठवण येते. त्यांच्या आईंच्या वेळी कॅन्सर म्हटलं की मुंबईच. नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेस आणि मग परळचं टाटा हॉस्पिटल. मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. १९४१ साली सुरू झालेल्या त्या हॉस्पिटलने महाराष्ट्रातल्या किती घरांना आधार दिला, त्याची मोजदाद नाही. पण रुग्णाबरोबर एक माणूस महिनोन्‌महिने घराबाहेर राहायचा, त्याची नोकरी जायची, शेती पडून राहायची. आज मी रात्री स्वतःच्या अंथरुणात झोपणार आहे. माझ्या मते उपचारातला हा फार मोठा भाग आहे, आणि गावोगावच्या बायकांना तो अजून मिळालेला नाही.

सकाळी ९.१५

वजन, उंची, कालच्या रक्ताचे रिपोर्ट. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट. क्रिएटिनिनही पाहतात, कारण कार्बोप्लाटिन हे आजचं दुसरं औषध किती द्यायचं हे किडनी किती काम करते त्यावर ठरतं. आकडे कमी असतील तर केमो पुढे ढकलतात, त्यामुळे ही दहा मिनिटं मला सगळ्यांत जड जातात. फाईल जाऊबाईंच्या हातात असते. ती लावून दिली आहे आमच्या इमारतीतल्या निवृत्त बँकवाल्या काकांनी. रिपोर्ट तारखेनुसार, बिलं वेगळी, सगळ्यांत वर एका कागदावर औषधांची नावं आणि ॲलर्जी. सिस्टर एकदा म्हणाल्या होत्या, "अशी फाईल सगळ्यांनी आणली तर आमचा तास वाचेल."

सकाळी १०

आधी उलटी होऊ नये म्हणून एक इंजेक्शन, मग ॲलर्जीचं, ज्याने डोळे जड होतात. त्यानंतर पॅक्लिटॅक्सेलची बाटली. ती चढवायची नळीही वेगळी असते, तिला गाळणी असते. पहिली पंधरा मिनिटं सिस्टर जवळून हलत नाहीत. औषध पाण्यात विरघळत नाही, म्हणून एरंडेलापासून केलेल्या द्रावकात मिसळतात, आणि रिॲक्शन येते ती बरेचदा त्या द्रावकाची. छाती आवळली, चेहरा लाल झाला, पाठीत कळ आली तर लगेच सांगायचं.

मग तीन तास. जाऊबाई नॅपकिनमध्ये गुंडाळलेल्या बर्फाच्या पिशव्या माझ्या बोटांवर धरून बसतात. गारठ्याने बोटांतल्या रक्तवाहिन्या आकसतात, तिथे औषध कमी पोहोचतं आणि नसांना इजा कमी होते, असा त्यामागचा विचार आहे. मॅडमना विचारूनच आम्ही हे सुरू केलं.

लेक फार्मसीला आहे. तिने या औषधाची हकीकत सांगितली तेव्हापासून बाटलीकडे बघायची माझी नजर बदलली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे यू नावाचं सूचिपर्णी झाड आहे. १९६२ साली त्याची साल तपासणीसाठी गोळा केली गेली. त्या सालीतून हे द्रव्य वेगळं काढून त्याची रचना दोघांनी उलगडली, मन्रो वॉल आणि मनसुख वाणी. १९७१ साली ते छापून आलं. यांतले मनसुख वाणी १९२५ साली जन्मले ते आपल्या नंदुरबारला. मुंबईत शिकले, अमेरिकेत गेले, २०२० साली वारले. पेशी दुभंगताना तिच्या आत जी बारीक दोऱ्यांसारखी चौकट उभी राहते, ती हे औषध घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे पेशीचे दोन भाग होऊ शकत नाहीत. हे सुझन हॉरविट्झ या बाईंनी १९७९ साली दाखवलं. १९९२ च्या डिसेंबरात अमेरिकेत या औषधाला पहिली परवानगी मिळाली, ती अंडाशयाच्या कॅन्सरसाठीच. सालीपासून बाटलीपर्यंत तीस वर्षं गेली. नाशिक-नंदुरबार एसटीने जाता येईल एवढं अंतर. त्या गावच्या माणसाचं काम माझ्या शिरेत थेंबाथेंबाने उतरतंय, याचा मला अभिमान वाटतो.

दुपारी १२

शेजारच्या खुर्चीवर सुरगाण्याच्या मावशी. त्यांचं सगळं महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून चाललंय. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार विनाखर्च होतात. कागदपत्रं आरोग्यमित्राने करून दिली. पण सुरगाण्याहून यायचं भाडं, एका दिवसाची बुडालेली मजुरी, बरोबरच्या माणसाचं जेवण, हे कुठल्या योजनेत बसत नाही. त्यांच्याबरोबर त्यांचा भाचा येतो. तो म्हणाला, "मावशीचं पोट फुगलं तर गावात म्हणायचे, दिवस गेलेत का या वयात." त्या मान खाली घालून ऐकत होत्या. अशा बोलण्यापायीच बायका पोट झाकून बसतात.

या आजारासाठी सगळ्यांनी सरसकट करावी अशी चाचणी नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक बायकांच्या अभ्यासात वर्षानुवर्षं सीए-१२५ आणि सोनोग्राफीची पाहणी झाली. २०२१ साली निष्कर्ष आला की अशा तपासण्यांनी मृत्यू कमी झाले नाहीत. पॅप स्मिअर गर्भाशयमुखासाठी असतं, त्यात अंडाशयाचं काही कळत नाही. सीए-१२५ तर पोटाच्या टीबीनेही वाढतं. म्हणजे उरतं काय, तर बाईने स्वतः सांगणं आणि समोरच्याने ते खरं मानणं. भारतातल्या बायकांमध्ये स्तन आणि गर्भाशयमुख यांच्यानंतर अंडाशयाच्या कॅन्सरचा क्रमांक लागतो, तरी ओटीवर बसून याबद्दल कुणी बोलत नाही.

मावशींना मी टोपी दिली. अस्तराच्या उरलेल्या सुती कापडाची, शिवण बाहेरच्या बाजूला घेतलेली, म्हणजे टाळूला टोचत नाही.

दुपारी १.३०

कार्बोप्लाटिन. याला तासभर पुरतो. तोंडाला लोखंडाची चव येते, म्हणून डब्याबरोबर लाकडी चमचा आणि लिंबाची फोड. मऊ वरणभात, आजचा डबा समोरच्या ब्लॉकमधल्या ताईंचा.

दुपारी ४

घरी. दाराच्या मागे कालनिर्णय आहे. आजाराची बातमी फुटली तेव्हा सगळे येऊन गेले, सगळ्यांनी मनापासून म्हटलं, "काही लागलं तर सांग." मला सांगता येईना. कुणाला म्हणायचं, आज भांडी घास? कुणाला म्हणायचं, मुलाला क्लासला सोड? आजारी माणसाला मागणं हेही एक काम होऊन बसतं. तळमजल्यावरच्या काकूंनी हे ओळखलं. पेन घेऊन आल्या, आणि जिथे आम्ही दुधाचा हिशोब लिहितो त्याच चौकोनांत नावं लिहिली. मंगळवारचा डबा या घराचा. क्लासला सोडणं त्या घराचं. केमोनंतर चौथ्या दिवशी हाडं फार दुखतात, त्या दुपारी माझ्यापाशी बसायला काकू स्वतः. ज्यांना जमणार नव्हतं त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं, त्याचंही मला बरं वाटलं.

एका घराने मात्र शिवायला टाकलेलं कापड परत नेलं. कॅन्सर हात लावल्याने, कपड्याने, ताटाने लागत नाही. हे लिहायची वेळ येऊ नये, पण येते.

संध्याकाळी ५.३०

स्टेरॉईडमुळे केमोच्या संध्याकाळी अंगात जोर असतो, मरगळ तिसऱ्या-चौथ्या दिवशी येते. म्हणून मशीनवर बसते. मोटर लावून घेतली आहे, पायाने ओढायचं नाही. सुईत दोरा माझ्याने ओवला जात नाही. वरच्या मजल्यावरची सातवीतली मुलगी शाळेतून आली की वेगवेगळ्या रंगांचे दोरे ओवून सुया उशीला टोचून ठेवते, ओळीने. मशीनची सुईही तीच ओवून देते. त्या ओळीच्या जोरावर मी आज दोन ब्लाऊज हातावेगळे केले. पैसे थोडे मिळतात, पण मी रुग्ण सोडून आणखीही कुणी आहे, हे त्या तासात मला जाणवतं.

रात्री ८

धाकट्या बहिणीचा फोन. मॅडमनी माझी जनुकीय तपासणी पाठवली आहे, बीआरसीए १ आणि २ ची. अंडाशयाच्या कॅन्सरच्या साधारण सहा-सात जणींमागे एकीत या जनुकांतला दोष वारशाने आलेला असतो. आमची आत्या स्तनाच्या कॅन्सरने गेली. बहीण म्हणत होती, "ती तर बाबांकडची, आपल्याला कुठून?" पण हा दोष वडिलांकडूनही येतो. रिपोर्ट यायचाय. तो तसा निघाला तर मला केमोनंतर चालू ठेवायच्या गोळ्यांचा मार्ग खुला होईल, आणि बहिणीला व लेकीला समुपदेशन घेऊन स्वतःची तपासणी करता येईल. दोष सापडलेल्या बाईला मुलंबाळं झाल्यावर पस्तिशी-चाळिशीच्या आसपास अंडाशय आणि नळ्या काढून घेता येतात, धोका पुष्कळ कमी होतो. बहीण बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुझा रिपोर्ट आला की मी येते. आपण दोघी मॅडमकडे जाऊ." मला आईच जवळ असल्यासारखं वाटलं. लेक अभ्यासाच्या टेबलावरून सगळं ऐकत होती. तिने विषय काढला नाही, मीही नाही. तिचा वेळ ती घेईल.

रात्री १०

उलटीची गोळी, भरपूर पाणी. थर्मामीटर उशाशी. ताप १००.४ च्या वर गेला तर रात्र असो की पहाट, घरचं औषध न घेता हॉस्पिटलला फोन करायचा, नंबर फ्रिजवर मोठ्या अक्षरांत आहे. उद्या संध्याकाळी पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन, ते द्यायला पलीकडच्या गल्लीतल्या निवृत्त सिस्टर येतील.

वाचणाऱ्या बायांना एकच सांगते. पोट फुगणं, लवकर पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, वारंवार लघवी, हे नव्याने सुरू झालं आणि दोन-तीन आठवडे रोजच्या रोज राहिलं, तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा आणि सोनोग्राफीबद्दल स्वतःहून विचारा. आणि तुमच्या इमारतीत कुणाची केमो चालू असेल, तर काय लागेल म्हणून विचारत बसू नका. पेन घेऊन जा आणि त्यांच्या कालनिर्णयवर एका वारापुढे तुमचं नाव लिहा.