रविवारच्या बसक्या गाड्या आणि आपली न्याहारी

मुरबाड, सरळगाव, टोकावडे या बाजूला राहणाऱ्यांना रविवारच्या पहाटेचा आवाज ओळखीचा आहे. एरवी त्या वेळेला दुधाचे टेम्पो आणि ओतूर-आळेफाट्याकडून कल्याणच्या बाजारात भाजी नेणारे ट्रक धावतात. रविवारी त्यात लाल, पिवळ्या, जमिनीला चिकटल्यासारख्या बसक्या गाड्यांची रांग येते. गोठ्यातली गुरं कान टवकारतात, पोरं अंथरुणातून उठून रस्त्याकडे पळतात. कोण ही माणसं आणि एवढ्या पहाटे चालली कुठे, असं आपल्या बैठकांत विचारलं जातं. उत्तर ऐकून हसू येईल. ती नाश्त्याला चाललेली असतात.

ठाणे, डोंबिवली, कल्याण, मुंबई इथल्या हौशी लोकांचे गट असतात. कुणाकडे स्पोर्ट्‌स कार असते, कुणाकडे जुनी जपलेली गाडी. शहरात या गाड्या सिग्नलला उभ्या राहून तापतात. मग महिन्यातून एखाद्या रविवारी सगळे मिळून लांबच्या रस्त्यावर निघतात, कुठेतरी खातात आणि दुपारच्या आत घरी परततात. खरी हौस वळणावळणाच्या रस्त्याची. खाणं हे निमित्त. पण निमित्त असलं तरी पोट खरं असतं, आणि आपल्या गटांचा संबंध तिथेच येतो.

ही सहल ठरवणारा माणूस डोकं कसं चालवतो, ते आज समजून घेऊ. ते कळलं की त्याच्या कागदावर आपल्या गावाचं नाव कसं चढेल तेही कळेल.

तो हिशेब उलटा मांडतो. निघायची वेळ आधी ठरत नाही, परतायची ठरते. रविवारी दुपारनंतर शहाडच्या पुलावर गाड्या तुंबतात, हे त्याला पाठ असतं. बसकी, तापट गाडी त्या कोंडीत अडकवायची नाही, म्हणून अकरा-साडेअकरापर्यंत कल्याण मागे टाकायचं. त्यावरून मागे मोजत गेलं की ठाण्याहून निघायची वेळ पहाटे साडेपाचच्या आसपास येते. कल्याण ओलांडलं की म्हारळ, कांबा, रायत्याचा उल्हासवरचा पूल, गोवेली, मग मुरबाड. कल्याणपासून मुरबाड तीसेक किलोमीटर आणि तिथून माळशेजचा पायथा आणखी चाळीस-पंचेचाळीस. म्हणजे साडेसात-आठच्या सुमारास ही मंडळी टोकावडे, वैशाखरे, मोरोशी या पट्ट्यात असतात. निघून दोन तास झालेले, घाट समोर उभा, पोटात फक्त घरचा चहा. न्याहारीची वेळ आणि जागा अशी रस्ताच ठरवून देतो. साडेनऊला तवा तापवणाऱ्या गटाच्या दारावरून ही रांग केव्हाच निघून गेलेली असते.

दुसरा रस्ता नाशिकचा. शहापूर, आसनगाव, खर्डी, कसारा इथले वडापाव-मिसळीचे थांबे पिढ्यान्‌पिढ्या चालले ते जुन्या महामार्गामुळे. पण ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला, आणि नागपूरपासून भिवंडी तालुक्यातल्या आमण्यापर्यंतचा ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. कसाऱ्याचा घाट आता सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यातून काही मिनिटांत संपतो. या रस्त्याला मधून कुठूनही चढता-उतरता येत नाही, ठरलेल्या ठिकाणीच वाट आहे. ज्याला नाशिक लवकर गाठायचं आहे तो आता शहापूरच्या गावांतून जात नाही. त्यामुळे शहापूरच्या गटांना आमचं सांगणं आहे की घाईच्या गिऱ्हाइकाची वाट बघत बसू नका. जुन्या रस्त्यावर आता जो येईल तो मुद्दाम, हौसेने येईल. त्याला वेळ असतो, आणि वेळ असलेला माणूस बसून जेवतो.

आता गाडीविषयी. या गाडीचं पोट आणि रस्ता यांत जेमतेम चार-पाच इंच अंतर असतं, म्हणजे अर्धी वीत. आपली जीप जिथे सहज चढते तिथे ही गाडी खालून घासते. डांबराची कड आणि साइडपट्टी यांत पायरी असेल, तर अंगणात कितीही छान सावली असो, ती माणसं उतरणार नाहीत. म्हणून सहल ठरवणारा आठवडाभर आधी साधी गाडी घेऊन एकटा येऊन बघून जातो. गतिरोधक किती उंच, खड्डे कुठे, गाड्या लावायला सपाट जागा आहे का, हे सगळं टिपून नेतो. आपल्या खऱ्या ओळखीचा माणूस हाच. त्याला चहा द्या आणि अंगण दाखवा. मुरूम टाकून, दाबून हळूहळू चढत जाणारा उतार केलेला असेल तर निम्मं काम झालं. सुटी खडी नको, उडाली की रंगाला लागते. वाळलं गवतही काढून टाका, कारण गाडीखालचा धुराचा नळ चांगलाच तापलेला असतो आणि गवत पेटायला वेळ लागत नाही. आणखी एक, महामार्गाच्या हद्दीत टपरी टाकू नका. आज ना उद्या उठवतात. घराचं अंगण किंवा गटाच्या ताब्यातली जागाच बरी.

गाडी उभी राहिली की माणसं पहिल्यांदा काय विचारतात? भाकरी नव्हे, संडास. या गाड्यांत बायकाही असतात, कितीतरी जणी स्वतः चालवत येतात, आणि दोन तासांच्या प्रवासानंतर त्यांचा पहिला प्रश्न हाच असतो. आतून लागणारी कडी, भरलेली बादली, मग, साबण, दिवा, आणि कचऱ्याला झाकणाचा डबा. जो थांबा बायकांना पटला तो गट पुन्हा येतो, हे आमचं ठाम मत आहे. चमचमीत रस्सा करून मागच्या झुडपाकडे बोट दाखवलं तर तो रस्सा वाया गेला.

आता खाण्याकडे येऊ. घाटाच्या आधी जड, तेलकट खाल्लं की वळणांवर मळमळतं. म्हणून जाताना हलकं द्या: तांदळाचं घावन, केळीच्या पानातली पानगी, नारळाची चटणी, मुगाची उसळ, चहा. परतीच्या वाटेवर थांबणार असतील तर तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, झुणका, ठेचा, वालाचं बिरडं असं बेताचं जेवण. बिरड्याला वाल दोन दिवस आधी भिजत घालून मोड आणावे लागतात आणि सोलत बसावं लागतं, म्हणून नक्की आकडा गुरुवारी हातात हवा. आगरी घरांतल्या बायकांनी सुकटीची चटणी किंवा भाजलेले बोंबील जरूर ठेवावेत, पण वेगळ्या भांड्यात, वेगळ्या डावाने, आणि वाढण्याआधी विचारून.

पोहे-उपमा सगळीकडे मिळतो. ठाण्याची मामलेदार मिसळ आणि कल्याणचा खिडकी वडा त्यांच्या घराशीच आहेत, तेच खायला कुणी माळशेजपर्यंत येत नाही. आपल्याकडे जे आहे ते ऋतूचं आहे. पावसाच्या तोंडावर शेवळं येतात, मग टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोली. टाकळ्याची भाजी, कुर्डूच्या वड्या, रानभाजी घातलेलं थालीपीठ, हे शहरातल्या माणसाला सहजी मिळत नाही. मात्र शेवळाच्या बाबतीत सांभाळा. काकडाची फळं किंवा चिंच-कोकमासारखं आंबट न घालता, नीट न शिजवता शेवळं खाल्ली तर घसा खाजतो, हे आपल्याला माहीत आहे, त्यांना नाही. जिचा हात बसलेला आहे तिनेच ती करावी आणि पाहुण्यांना थोडीच वाढावी. ज्या भाजीची ओळख गटातल्या सगळ्याजणींना पक्की नाही, ती त्या दिवशी नकोच. ऑगस्टच्या सुमारास कृषी खात्याचे रानभाजी महोत्सव भरतात. तिथे पाककृती आणि भाज्यांची ओळख दोन्ही मिळतात, जाऊन या.

उन्हाळ्यात कैरीचं पन्हं, कोकम सरबत, पळसाच्या द्रोणात करवंदं. जूनमध्ये जांभळं, बदलापूरच्या बाजूची तर नावाजलेलीच. पण ती बसून खायला द्या. जांभळाचा आणि हळदीचा डाग गाडीच्या महागड्या आसनावर पडला की पुढच्या वेळी तुमचं नाव निघणार नाही. गाडीत कुणी काही खात नाही, सामानाला जागाही पिशवीपुरतीच. तेव्हा बरोबर न्यायला पाव किंवा अर्ध्या किलोची कोरडी पाकिटं करा: नाचणीचे लाडू, कुळथाचं पीठ, तांदळाचे पापड, हातसडीचा तांदूळ. तेल सुटणाऱ्या लोणच्याची बरणी घरीच राहू द्या. प्लॅस्टिकच्या पातळ पिशव्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, कागदी पुडा किंवा शिवलेली कापडी पिशवी वापरा. कापडी पिशवीचे वेगळे पैसेही मिळतात.

पैशांचा हिशेब एकदा मांडून बघू. समजा १२ गाड्या आल्या. बहुतेक गाड्यांत दोनच जागा, म्हणजे २२ माणसं धरा. न्याहारी आणि चहा मिळून माणशी १५० रुपये ठरले, तर ३,३०० रुपये येतील. तांदूळ, नारळ, मूग, दूध, गॅस, पत्रावळी मिळून १,५०० गेले. पाच जणींनी पहाटे चारपासून दहापर्यंत काम केलं, त्यांची मजुरी प्रत्येकी २५० प्रमाणे १,२५०. उरले ५५०, ते गटाच्या खात्यात. आपल्याकडे मजुरी धरतच नाहीत आणि १,८०० सुटले म्हणून खूश होतात. ती आपली मेहनत आहे, सुटलेला पैसा नव्हे.

आणि ऐनवेळी पाऊस कोसळला, सहल रद्द झाली तर? म्हणून शुक्रवारी निम्मे पैसे आगाऊ घ्यायचे, म्हणजे वरच्या हिशेबात १,६५०. सामानाचा खर्च त्यातून निघतो. पैसे गटाच्या खात्याच्या क्यूआर कोडवरच घ्या, कुणाच्या मुलाच्या मोबाइलवर नको. पुढे त्यावरून गटात भांडणं होतात. भाव पाटीवर लिहा. गाडी कोटीची असली तरी भाकरीचा भाव एसटीने आलेल्या माणसाला जो तोच. कुणी खुशीने जास्त दिले तर ते सामाईक डब्यात.

एक मात्र निक्षून सांगतो. या गाड्यांच्या भरवशावर कर्ज काढून शेड बांधू नका. ही माणसं महिन्यातून एकदा-दोनदा येणार. पावसाळ्यात माळशेजला धबधब्यांवर गर्दीमुळे प्रशासन बंदीचे आदेश काढतं, दरडींमुळे कधी रस्ताच बंद असतो, म्हणजे तेव्हा कुणीच नाही. रोजचा चुलीचा खर्च ट्रकवाले, दूधवाले, एसटीचे प्रवासी यांच्यावर निघाला पाहिजे. रविवारची न्याहारी ही वरची साय.

आता जिवाची गोष्ट. हा रस्ता आपल्या वस्त्यांमधून जातो. पहाटे पाण्याला निघालेल्या बाया, गुरं आणि शाळेच्या मैदानावर चाललेली पोरं याच रस्त्यावर असतात. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण गुन्हा घडून गेल्यावर कलम सांगून काय उपयोग? आगाऊ पैसे घेतानाच आपली अट सांगायची. गावाच्या पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत गाडी बैलगाडीच्या मागे असल्यासारखी चालवायची, इंजिन घुमवायचं नाही आणि पुढे जायची चढाओढ लावायची नाही. सहल ठरवणारा समजूतदार असेल तर तो ही अट सगळ्यांना आदल्या रात्री कळवतो. ज्याला ती जाचते त्याला आपला थांबा देऊ नये, असं आम्हाला वाटतं. ३,३०० रुपये गेले तरी चालतील.

मुलांनाही सांगून ठेवा: गाडी थांबली तरी बोनेटला आणि मागच्या नळीला हात लावायचा नाही, चटका बसतो. बघायला बोलावलं तरच जवळ जायचं. आपल्या मुलींचे फोटो विचारल्याशिवाय कुणी काढू नयेत, हे हसत पण स्पष्ट सांगा. दारू मागितली तर इथे मिळत नाही, आणि पिऊन आलेल्याला वाढत नाही, एवढंच उत्तर. रुग्णवाहिकेचा १०८ आणि पोलिसांचा ११२ हे नंबर भाव लिहिलेल्या पाटीवरच मोठ्या अक्षरांत रंगवा.

कोणत्या रविवारी येऊ नका, हेही आपणच सांगायचं असतं. पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा सुरू झाली की गुरांचे टेम्पो आणि यात्रेकरू यांनी मुरबाडचे रस्ते भरलेले असतात. भातलावणीच्या दिवसांत तर आपल्याच हातांना सवड नसते. नाही म्हणून टाकलं आणि पुढची तारीख दिली की माणसं मानतात.

कागदाचं काम फार मोठं नाही. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे वर्षाची विक्री १२ लाखांच्या आत असणाऱ्या छोट्या धंद्याला परवाना लागत नाही, साधी नोंदणी लागते आणि तिची फी वर्षाला १०० रुपये ठेवलेली आहे. अर्ज ऑनलाइन होतो. चालू फी आणि मर्यादा भरण्याआधी विचारून घ्या. एकीचा फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा घेऊन सेतू केंद्रात किंवा पंचायत समितीतल्या उमेदच्या ताईंकडे जा. मिळालेला नोंदणी क्रमांक लाडवाच्या पुड्यावर छापावा लागतो, त्यामुळे पुडे छापायला टाकण्याआधी नोंदणी करून घ्या.