मात आणि बरोबरी एकदमच आली तर?

हिंगोलीतल्या बुद्धिबळप्रेमींनो, जुन्या देशी डावात समोरचा राजा एकटा उरला की ‘बुर्जी’ व्हायची. तो पूर्ण विजय नसे. म्हणून शेवटचं मोहरं मारण्याआधी मात शोधावी लागे.

अरबी शतरंजमध्ये उलट: राजा एकटा पाडलात की जिंकलात! पण समोरच्याने लगेच पुढच्या चालीत तुमचाही राजा एकटा पाडला, तर बहुतेक ठिकाणी बरोबरी.

आजच्या फिडे नियमांत एकही मोहरं न मारता आणि प्यादं न हलवता दोघांच्या ७५-७५ चाली झाल्या की डाव आपोआप बरोबरीत. मात्र शेवटच्या चालीनेच मात झाली, तर मात श्रेष्ठ!

नवा प्रकार खेळायला बसताना आधी ठरवा: दोन नियम भिडले, तर वरचढ कोणता?