सेनापतीचे थोरपण : पालखेड, पानिपत आणि असई यांच्या संदर्भात

थोर सेनापती कोणास म्हणावे, या प्रश्नाचे उत्तर बहुधा गुणांच्या यादीने दिले जाते. शौर्य, धाडस, निर्णयशक्ती, सैनिकांवरील पकड, प्रसंगावधान असे गुण सांगितले जातात आणि मग इतिहासातून त्यांची उदाहरणे वेचली जातात. ही यादी खोटी नाही. परंतु तिने फारसे काही उलगडत नाही. कारण हेच गुण पराभूत सेनापतींच्या अंगीही आढळतात. शिवाय या रीतीत एक तर्कदोष दडलेला असतो. जो जिंकला त्याच्या साहसाला आपण धाडस म्हणतो आणि जो हरला त्याच्या साहसाला अविचार म्हणतो. म्हणजे निकाल आधी पाहून गुणांची नावे मागाहून ठरविली जातात. हा दोष टाळावयाचा असेल तर सेनापतीच्या स्वभावापेक्षा त्याच्यापुढील प्रश्नाकडे पाहणे अधिक फलदायी ठरेल.

तो प्रश्न थोडक्यात असा मांडता येईल : हाती असलेले सैन्य कशावर जगते, त्यामुळे ते कोठवर व किती वेगाने जाऊ शकते, आणि त्यातून मिळविता येण्याजोगे साध्य कोणते? या तीन गोष्टींचा मेळ ज्याला घालता येतो तो सेनापती थोर होय, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. ते पारखण्यासाठी आपल्या परिचयाच्या तीन मोहिमा घेऊ : पालखेड (१७२८), पानिपत (१७६१) आणि असई (१८०३).

पालखेडच्या मोहिमेचे मूळ दक्षिणेच्या सहा सुभ्यांवरील चौथाई व सरदेशमुखीच्या हक्कांत आहे. १७१९ साली या हक्कांच्या सनदा मोगल दरबाराकडून मिळाल्या होत्या. निजामुल्मुल्काने शाहू छत्रपती व त्यांचे चुलत बंधू कोल्हापूरकर संभाजी यांच्यातील वाद पुढे करून ही वसुली अडवली. १७२७ च्या पावसाळ्याच्या अखेरीस बाजीराव मोहिमेवर निघाला. त्या वेळी तो सत्तावीस वर्षांचा होता. निजामाचे वय त्याच्या दुपटीहून अधिक होते आणि युद्धाचा व दरबाराचा त्याचा अनुभव दांडगा होता. निजामाजवळ त्या काळी नामांकित असलेला तोफखाना होता. बाजीरावाजवळ जड तोफा जवळजवळ नव्हत्या; होते ते घोडदळ.

बाजीरावाने जालना व सिंदखेडचा मुलूख उधळला, तेथून तो वऱ्हाडात वाशीमकडे वळला, बऱ्हाणपुरावर चाल करीत असल्याचा आभास निर्माण करून खानदेशमार्गे गुजरातेत उतरला. त्याचा पाठलाग व्यर्थ आहे हे ओळखून निजाम पुण्यावर आला आणि तेथे त्याने संभाजीस छत्रपती म्हणून पुढे केले. सामान्य सेनानी अशा वेळी स्वतःच्या घराच्या रक्षणासाठी धावत परत आला असता. बाजीराव पुण्याकडे न वळता निजामाच्या औरंगाबादेकडे (आजच्या छत्रपती संभाजीनगराकडे) निघाला. आता धावपळ करणे निजामाला भाग पडले. वेग वाढविण्यासाठी त्याला अवजड तोफा मागे ठेवाव्या लागल्या. म्हणजे ज्या साधनावर त्याचे श्रेष्ठत्व उभे होते तेच त्याने आपल्या हाताने दूर केले. २५ फेब्रुवारी १७२८ रोजी वैजापूरनजीक पालखेड येथे मराठ्यांनी त्याला वेढले, त्याचे दाणापाणी तोडले, आणि ६ मार्च रोजी मुंगी-शेवगाव येथे तह झाला. शाहूंचा चौथाई-सरदेशमुखीचा हक्क निजामाने मान्य केला व संभाजीचा पक्ष सोडला.

या मोहिमेत मोठी लढाई अशी झालीच नाही, आणि तीच तिची विशेषता आहे. १८०५ च्या ऑक्टोबरात नेपोलियनने उल्म येथे माक या ऑस्ट्रियन सेनापतीला मुख्यतः हालचालींच्या बळावर शरण आणले. पालखेड हे त्याच जातीचे यश आहे. ब्रिटिश सेनानी माँटगोमेरी यांनी १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या युद्धेतिहासात या मोहिमेची आवर्जून दखल घेतली, ती याच कारणाने. बाजीरावाची फौज सडी होती. तंबू, बाजार, कुटुंबकबिला यांचा भार तिच्यामागे नव्हता, आणि ज्या मुलखातून ती जाई त्या मुलखावरच ती जगे. या वेगाची किंमत वाटेवरील रयतेने आपल्या धान्याने व वैरणीने चुकती केली, हेही अभ्यासकाने विसरू नये. परंतु सैन्याचे पोट व सैन्याचे पाऊल यांचे नाते बाजीरावाने अचूक ओळखले होते.

साध्याची मर्यादाही त्याने ओळखली होती. १७३७ च्या डिसेंबरात त्याने निजामाला भोपाळ येथे पुन्हा कोंडले. पण तटबंदीचा आश्रय घेतलेल्या शत्रूला चिरडण्यास लागणारा तोफखाना त्याच्याजवळ नव्हता. आपले सैन्य जे करू शकत नाही ते त्याच्याकडून करवून घेण्याचा हट्ट त्याने धरला नाही. जानेवारी १७३८ मध्ये दोराहा सराई येथे तह करून, माळव्यावरील हक्काची व पन्नास लक्ष रुपयांची कबुली घेऊन त्याने मोहीम संपविली.

आता पानिपताकडे वळू. सदाशिवरावभाऊच्या पराभवाची मीमांसा करताना त्याचा अहंकार, ग्रहदशा, किंवा सरदारांची फूट यांपैकी एखादे कारण पुढे करण्याची प्रथा आहे. वस्तुतः भाऊ धैर्यवान होता, कामाचा उरक असलेला कारभारी होता, आणि १७६० च्या फेब्रुवारीत उदगीर येथे निजामाच्या सैन्यावर त्याने निर्णायक विजय मिळविला होता. त्या विजयात इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पायदळाचा व तोफांचा मोठा वाटा होता. म्हणजे भाऊच्या हाती आलेले सैन्य बाजीरावाचे सैन्य नव्हते. बत्तीस वर्षांत मराठी फौजेचे स्वरूप पालटले होते. तिच्यात तोफखाना व कवायती पलटणी आल्या होत्या. त्यांच्याबरोबर नियमित रसदेची व रोख पगाराची गरज आली होती. याच फौजेसोबत बायकामुले, यात्रेकरू व बाजारबुणगे यांचा प्रचंड जमाव उत्तरेकडे निघाला.

अशा सैन्याला मुलखावर जगत हिंडता येत नाही. त्याला मागील वाट उघडी लागते, कोठारे लागतात, पैसा लागतो. ऑगस्ट १७६० मध्ये दिल्ली घेतल्यावर खर्च भागविण्यासाठी दिवाण-इ-खासचे रुपेरी छत उतरवावे लागले, यावरून खजिन्याची अवस्था कळते. ऑक्टोबरात भाऊने उत्तरेस जाऊन कुंजपुरा जिंकले व तेथील धान्य हस्तगत केले. पण त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो मराठे व दिल्ली यांच्या मध्ये आला. मराठ्यांनी पानिपतास खंदक खणून तळ दिला. पुढील दोन-अडीच महिन्यांत जे घडले ते पालखेडचेच उलटे चित्र होय. या वेळी कोंडलेले मराठे होते. नजीबखानाच्या दुआबातून अब्दालीला रसद मिळत राहिली; ती तोडण्यासाठी झटणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठे लढाईसाठी बाहेर पडले ते उपासमारीने पडले. लढाईची वेळ त्यांनी निवडली नव्हती. ती त्यांच्या रिकाम्या कोठारांनी निवडली होती.

जड सामान व कुटुंबे मागे ठेवावीत, असा सल्ला सूरजमल जाटाने दिल्याचे वृत्तांतांत येते. मल्हारराव होळकराचा कल जुन्या गनिमी रीतीकडे होता. या सल्ल्यांवरून भाऊला दोष देणे सोपे आहे. परंतु सडी फौज निवडावी तर गारद्यांच्या तोफा निरुपयोगी ठरतात, आणि तोफा निवडाव्या तर त्यांना पोसणारी व्यवस्था हवी, हा पेच खरा होता. भाऊने तोफा निवडल्या. त्यांना पोसणारी व्यवस्था मात्र त्याला उभी करता आली नाही. त्याची चूक शौर्याच्या अभावाची नव्हती, आणि केवळ स्वभावाचीही नव्हती. एकाच सैन्यात आलेल्या दोन युद्धपद्धतींचा विरोध त्याच्या हातून मिटला नाही, हे तिचे नेमके स्वरूप आहे.

हा विरोध मुळात मिटण्याजोगा तरी होता काय? त्याचे उत्तर असईने दिले. १८०३ साली आर्थर वेलस्लीजवळ कवायती पायदळ व तोफा होत्या. म्हणजे त्याचे सैन्य बाजीरावाच्या फौजेपेक्षा भाऊच्या फौजेच्या जातीचे होते. तरीही ते दख्खनमध्ये मराठी घोडदळाच्या मागावर राहू शकले. याचे रहस्य त्याच्या पत्रव्यवहारात पानोपानी दिसते. बैल, तांदूळ, बंजाऱ्यांचे तांडे, नदी ओलांडण्यासाठी टोपलीवजा नावा, हे त्याच्या चिंतेचे विषय आहेत. पावसाळ्यात नद्या भरल्या की घोडदळाची वाट अडते, पण नावा जवळ असलेल्याची अडत नाही, हे त्याने आधीच हेरून ठेवले होते. ऑगस्टमध्ये अहमदनगरचा (आजच्या अहिल्यानगरचा) किल्ला घेऊन त्याने त्याचे कोठार केले आणि मगच तो पुढे सरकला. गती ही घोड्याच्या पायांत नसून रसदेच्या व्यवस्थेत असते, हा धडा त्याने ज्यांच्या भूमीत गिरवला त्यांच्याच विरुद्ध वापरला.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यात, शत्रू अपेक्षेपेक्षा कितीतरी जवळ असल्याचे त्याला कळले. म्हणजे त्याची बातमीही चुकली होती. केळणा नदीला उतार नाही असे वाटाड्यांनी सांगितले. परंतु नदीच्या दोन्ही तीरांवर समोरासमोर गावे पाहून तेथे उतार असलाच पाहिजे असे अनुमान त्याने केले, व ते खरे ठरले. शिंद्यांच्या कवायती पलटणींनी तितक्याच चपळाईने तोंड फिरविले आणि इंग्रजांची फार मोठी हानी केली. तेव्हा असईचा विजय केवळ योजनेचा नव्हता; त्यात दैवाचाही भाग होता. पण त्या दिवशी पराभव झाला असता, तरी मागे नगरचे कोठार व कर्नल स्टीव्हन्सनची दुसरी फौज होती. ज्या दिवशी भाऊ हरला त्या दिवशी त्याच्यामागे काही उरले नव्हते.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. कोठारे व बैल यांवरच सारे अवलंबून असेल तर सेनापतीचे श्रेय ते काय? कंपनीचा खजिना व शिस्त वेलस्लीने निर्माण केली नव्हती. सडे घोडदळ बाजीरावाला वारशाने मिळाले होते. आक्षेप अंशतः मान्य केलाच पाहिजे. परंतु साधन मिळणे वेगळे आणि साधनाची मर्यादा ओळखून त्याला साजेसे युद्ध शत्रूवर लादणे वेगळे. कॅनीच्या रणांगणावर इ. स. पू. २१६ मध्ये हॅनिबलने मिळविलेला विजय युद्धशास्त्रात आजही शिकविला जातो. तरी रोम शरण आले नाही, कारण त्या विजयाचे राजकीय साध्यात रूपांतर करण्याचे बळ त्याच्या सैन्यात नव्हते. रणांगणावरील कौशल्याची ही सीमा आहे.

सेनापतीचे मोल ठरविताना आपण बहुधा लढाईच्या दिवसाचा नकाशा प्रथम उघडतो. वरील तीन उदाहरणे असे सुचवितात की, त्याआधीच्या तीन महिन्यांचे जमाखर्च, वैरणीच्या मागण्या, नद्यांचे उतार आणि सावकारांची पत्रे प्रथम वाचावीत. आपल्या दप्तरखान्यांत अशा कागदांची वाण नाही. ते या दृष्टीने वाचले गेले तर विजयी सेनापतींचे थोरपण अधिक नेमकेपणाने कळेल, आणि पराभूतांनाही त्यांच्या वाट्याचा न्याय मिळेल.