सामुदायिक सायकल सहलीचे नियोजन

सायकल सहल म्हटली की रविवारी पहाटे चार मित्रांनी जमायचे, चाकांतील हवा पाहायची आणि निघायचे, असा सर्वसाधारण समज आहे. चार जणांपुरता तो खराही आहे. परंतु जमाव पंधरा-वीस जणांचा झाला, त्यात शाळकरी विद्यार्थी, पन्नाशीच्या गृहिणी आणि नवी गिअरची सायकल घेतलेले तरुण असे सगळे एकत्र आले, की ही हौस एकाएकी जबाबदारी होऊन बसते.

पुण्यास एकेकाळी सायकलींचे शहर म्हणत. कारखान्यात, कचेरीत, कॉलेजात लोक सायकलनेच जात. ते पोटापाण्याचे वाहन होते. आज तीच सायकल बऱ्याच घरांत व्यायामाचे साधन म्हणून परतली आहे. आमचाही एक लहानसा गट आहे आणि गेली सहा वर्षे महिन्यातून एकदा आम्ही बाहेर पडतो. या काळात जे शिकलो ते बहुतांशी चुकांतून शिकलो. सर्वांत मोठी चूक पहिल्याच सहलीत झाली, म्हणून ती आधी सांगतो.

शिवाजीनगरहून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने तळेगावपर्यंत जायचे ठरले होते. आम्ही अठरा जण होतो. त्यात अकरावीतला एक मुलगा वडिलांची जुनी, वजनदार, बिनगिअरची सायकल घेऊन आला होता. निगडीच्या पुढे त्याची चेन वारंवार उतरू लागली. तो थांबायचा, चेन चढवायचा, पुन्हा निघायचा. त्याच्या मागे कोणीच नव्हते. आम्ही मात्र वाऱ्याच्या वेगाने तळेगाव गाठले, अठरा प्लेट पोहे सांगितले, आणि एक प्लेट उरली तेव्हा आमच्या लक्षात आले. त्याच्याजवळ मोबाईल नव्हता. शोधायला मागे फिरलेल्या दोघांना तो तासाभराने देहूरोडजवळ सापडला. सायकल हातात धरून घराकडे चालला होता. “तुम्ही सगळे पुढे गेलात. मला वाटलं, हे आपलं काम नाही,” एवढेच तो म्हणाला.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. वडिलांनी चहा दिला, आवाज चढविला नाही. फक्त विचारले, “साहेब, निघताना पोरं मोजून नेली होती ना?”

मी बँकेत रोखीच्या खिडकीवर बसतो. दिवसअखेर दहा रुपयांची तफावत आली तरी ती सापडेपर्यंत आम्ही कोणी जागचे उठत नाही. त्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. तो मुलगा पुढे एकदाच आला.

तेव्हापासून आमच्या सहलीचे सगळे नियोजन शेवटच्या माणसापासून सुरू होते. गटाचा वेग सर्वांत सावकाश चालविणाऱ्याचा असतो, आणि हे निघण्यापूर्वीच सर्वांना सांगितलेले असते. पुढे एक जाणता म्होरक्या असतो, त्याला ओलांडून कोणी जायचे नाही. सर्वांत मागे पाठराखा असतो, त्याच्या मागे कोणी राहायचे नाही. पाठराखा म्हणून दमलेल्या माणसाला नेमणे ही सार्वत्रिक चूक आहे. तेथे गटातील सर्वांत भक्कम, शांत स्वभावाचा आणि पंक्चर काढता येणारा माणूस हवा. जो सर्वांत सावकाश त्याला म्होरक्याच्या लगेच मागे ठेवावे. समोरच्याच्या आडोशाने त्याला वारा कमी लागतो आणि म्होरक्याला त्याची दमछाक ऐकू येते.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. पुढचे लोक थांब्यावर पोचून दहा मिनिटे बसतात आणि शेवटचा आला रे आला की कपडे झटकून उभे राहतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची सर्वाधिक गरज त्यालाच ती मिळत नाही. थांब्याची वेळ शेवटचा पोचल्यापासून मोजावी. वळणाच्या ठिकाणीही हाच न्याय लावावा. आपल्या मागचा दिसल्याशिवाय कोणी वळायचे नाही.

ज्यांना वेगाची आवड आहे त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे. ब्रेव्हे प्रकारच्या सायकल मोहिमांत २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करावे लागतात, आणि तेथे ज्याने त्याने स्वतःपुरते पाहायचे असते. ते उत्तमच आहे, पण ते सहलीत आणू नये.

आता मार्गाविषयी. नव्या गटाने पहिली सहल शिवाजीनगर ते देहूरोड अशी काढावी असे मी सुचवीन. एका बाजूचे अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे, रस्ता फारसा चढाचा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी ज्या विहारात बुद्धमूर्तीची स्थापना केली तो देहूरोडला आहे, त्यामुळे पोचल्यावर शांतपणे बसायला जागाही आहे. शिवाय खडकी, दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड अशी रेल्वे स्थानके वाटेत लागतात. कोणाची प्रकृती बिघडली तर लोकलने सोबत देऊन परत पाठविता येते. अशी मधून बाहेर पडण्याची सोय नसलेला मार्ग नवख्यांना घेऊन निवडूच नये. दापोडी ते निगडी या पट्ट्यात मधल्या वेगवान मार्गिकेत न शिरता बाजूच्या सेवा रस्त्याने जावे. पुढे द्रुतगती मार्गावर सायकलींना मनाई आहे, तेव्हा मोबाईलमधील नकाशावर डोळे मिटून विसंबू नये. ज्येष्ठ वद्यात तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामी येते, त्या दिवसांत हा रस्ता टाळलेला बरा.

मार्गाची पाहणी दोघांनी आधी करावी, आणि ती त्याच वारी, त्याच वेळी करावी. बुधवारी दुपारी मोकळा दिसलेला रस्ता रविवारी सकाळी भाजीबाजाराने भरलेला असतो. पाहणीत पाण्याची जागा, सायकल दुरुस्तीचे दुकान किती वाजता उघडते, आणि स्वच्छतागृह, या तीन गोष्टी वहीत लिहाव्यात. तिसरी गोष्ट पुरुष मंडळी हमखास विसरतात. आमच्या गटात महिलांची संख्या पहिले वर्षभर वाढेना, त्याचे कारण एका भगिनीने शेवटी स्पष्ट सांगितले तेव्हा आम्हाला कळले. आता थांबे स्वच्छ सोय असलेल्या पेट्रोल पंपांपाशी ठेवतो.

वेळेचे गणित सोपे आहे, पण लोक ते आशेवर मांडतात. मिश्र गट सपाट रस्त्यावर ताशी १५ किलोमीटर धरावा. २५ किलोमीटरला १ तास ४० मिनिटे होतात. दोन थांबे दहा-दहा मिनिटांचे ठेवले तरी अठरा माणसांत प्रत्येक थांबा वीस मिनिटांचा होतो, हा अनुभव आहे. म्हणजे सहा वाजता निघालेला गट आठ-वीसला पोचेल. त्यात एका पंक्चरसाठी अर्धा तास राखून ठेवावा. परतीला सव्वानऊला निघाले की बाराच्या आत घरी येता येते. हिवाळ्यात पुण्यात सूर्योदय सातच्या सुमारास होतो, तेव्हा सहाला निघायचे तर पुढे-मागे दिवा हवाच. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून असतो. लोणावळ्याच्या दिशेने जाताना तो छातीवर येतो आणि येताना पाठीवर. ही नवख्यांच्या सोयीची बाब आहे, कारण दमल्यावर मदत मिळते.

सामानात सर्वांत फसवी वस्तू म्हणजे पंप. साध्या सायकलचा व्हॉल्व्ह वेगळा, मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह वेगळा, आणि शर्यतीच्या सायकलचा बारीक, लांब व्हॉल्व्ह वेगळा. एकाच पंपाने तिन्हीत हवा भरेलच असे नाही. टायरचीही मापे निरनिराळी असतात. म्हणून आदल्या आठवड्यात प्रत्येकाच्या टायरवर छापलेले माप लिहून घ्यावे आणि प्रत्येक मापाची एक जादा ट्यूब पाठराख्याच्या पिशवीत ठेवावी. सोल्युशन, पट्ट्या, पॉलिश पेपर, टायर उतरविण्याच्या पट्ट्या, ॲलन चाव्यांचा संच हे ओघाने आलेच. बिनगिअरच्या सायकलचे चाक नट आवळून बसविलेले असते, त्यासाठी पाना लागतो. गिअरवाल्यांच्या पिशवीत नेमका तोच नसतो.

पाणी तहान लागण्याआधी आणि खाणे भूक लागण्याआधी, एवढे पुरे. शेंगदाणे-गूळ, केळी, मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी उत्तम. अर्ध्या वाटेत तर्रीदार मिसळ खाऊन मग परतीच्या चढावर पस्तावलेले सभासद मी पाहिले आहेत. त्यांत मीही होतो. प्रत्येकाच्या खिशात घरचा दूरध्वनी क्रमांक, रक्तगट आणि चालू औषधे लिहिलेली चिठ्ठी असावी. मोबाईलची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही. हृदयविकार किंवा मधुमेह असल्यास म्होरक्याला खासगीत सांगावे, त्यात संकोच नको.

रस्त्यावर एकेरी रांग, आठ-दहा जणांचा एक तुकडा, दोन तुकड्यांत मोटारीला शिरता येईल एवढे अंतर. प्रत्येक तुकड्याला स्वतःचा म्होरक्या आणि पाठराखा. पुढच्याने खड्डा हाताने दाखवावा आणि मागच्यांनी तो शब्द शेवटपर्यंत पोचवावा.

अशा चार-पाच सहली पार पडल्या की कार्ल्याचा विचार करता येतो. अंतर एका बाजूने ५५ ते ६० किलोमीटर आहे, कामशेतजवळ चढ आहे, आणि पायथ्याशी पोचल्यावर पायऱ्या चढायच्या शिल्लकच असतात. भारतातील सर्वांत मोठे खोदीव चैत्यगृह धापा टाकत पाहून येण्यात अर्थ नाही. मिश्र गटाने ही सहल दोन दिवसांची करावी, मुक्काम कार्ला परिसरात ठेवावा आणि दुसऱ्या सकाळी मळवलीपलीकडची भाजे लेणी पाहावीत. चैत्रात व नवरात्रात एकवीरेच्या दर्शनाला प्रचंड गर्दी असते, तेव्हा जाऊ नये. सायकली पायथ्याशी एकमेकींत साखळीने अडकवून दोघांनी आळीपाळीने थांबावे. येथेही मोजणी करावी, चढण्यापूर्वी आणि उतरल्यावर.

सहल संपली असे आम्ही शिवाजीनगरला पोचल्यावर म्हणत नाही. प्रत्येकाने घरी पोचल्याचा निरोप पाठराख्याला द्यायचा आणि त्याने यादीत खूण करायची. निरोप आला नाही तर रात्री आठनंतर तो स्वतः फोन करतो. मग वहीत नोंद होते: कोठे उशीर झाला, कोणाचा ब्रेक घासतो, कोठे पाणी मिळाले नाही. मागच्या सहलीच्या पानावर दोनच ओळी आहेत. निगडीच्या अलीकडचा नळ बंद. पाना विसरला होता, पुढच्या वेळी दोन घेणे.